अंधांचे लेखनस्वातंत्र्य आणि स्पर्श-टंकलेखन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

टंकलेखन यंत्राचा इतिहास सामान्यतः कार्यालयीन व्यवहाराचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तथापि या यंत्राच्या प्रारंभीच्या काही प्रयोगांमागे अंध व्यक्तीला स्वहस्ते लिहिता यावे, ही प्रेरणा होती. लुई ब्रेल यांनी १८२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लिपीमुळे अंधांना वाचन व आपापसांतील लेखन साध्य झाले; परंतु बहुसंख्य डोळसांना ती लिपी अपरिचित असल्याने त्यांच्याशी पत्रव्यवहार करताना लेखनिकाची गरज कायम राहिली. ही उणीव टंकलेखनाने कितपत भरून काढली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारंभीचे प्रयत्न

इटलीतील पेल्लेग्रिनो तुर्री यांच्या नावाशी जोडले जाणारे यंत्र अंध असलेल्या कॅरोलिना फँतोनी या उमराव स्त्रीसाठी होते. ते यंत्र आज अस्तित्वात नाही; मात्र १८०८ पासूनची तिची टंकलिखित पत्रे टिकून आहेत. खाजगी पत्र दुसऱ्यास न सांगता लिहिता येणे, हेच या यंत्राचे खरे मोल होते. पुढे फ्रान्समध्ये स्वतः अंध असलेल्या पिएर फुको यांनी ब्रेल यांच्या सहकार्याने १८४१ मध्ये ‘राफिग्राफ’ हे यंत्र तयार केले. त्यावर डोळसांना वाचता येणारी अक्षरे ठिपक्यांनी उमटवता येत.

स्पर्श-टंकलेखनाचा उदय

शोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांचे यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये बाजारात आणले. त्यात अक्षरे रुळाच्या खालच्या बाजूने उमटत असल्याने लिहिलेली ओळ डोळस टंकलेखकासही तत्काळ दिसत नसे. २५ जुलै १८८८ रोजी सिनसिनाटी येथील स्पर्धेत कळफलकाकडे न पाहता लिहिणाऱ्या फ्रँक मॅकगरिन यांनी लुई ट्रॉब यांचा पराभव केला आणि या पद्धतीस मोठी प्रसिद्धी मिळाली. बोटे मधल्या ओळीवर स्थिर ठेवून प्रत्येक बोटास ठरावीक कळा नेमून देणे, हे तिचे तत्त्व होय. डोळसांना ही पद्धत वेगासाठी उपयुक्त ठरली. अंधांच्या दृष्टीने मात्र तो लेखनाचा राजमार्गच होता.

शिक्षणातील उपयोग आणि मर्यादा

हेलन केलर यांनी १८९७ मध्ये रॅडक्लिफ महाविद्यालयाची प्रवेशपूर्व परीक्षा टंकलेखन यंत्रावर दिली. यंत्राच्या आवाजाचा इतरांना त्रास होऊ नये म्हणून त्यांना स्वतंत्र खोली देण्यात आली. त्या वेळी लिहिलेली उत्तरे शाळाप्रमुख आर्थर गिलमन यांनी त्यांना वाचून दाखवली व त्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्या केल्या. पुढील परीक्षांत ही सोय मिळाली नाही. यंत्राची मूलभूत मर्यादा येथे स्पष्ट होते : अंध व्यक्ती लिहू शकत होती, पण स्वतःचे लेखन वाचू शकत नव्हती. फीत सुकली तरी कोऱ्या कागदाचा पत्ता लागत नसे.

ही मर्यादा असूनही लंडन येथे १९१५ मध्ये आर्थर पिअर्सन यांनी सुरू केलेल्या सेंट डन्स्टन्स संस्थेत युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांना ब्रेलबरोबर टंकलेखनही शिकवले जाई. उपजीविकेइतकेच घरच्यांशी स्वतः पत्रव्यवहार करता येणे त्यात महत्त्वाचे होते.

संगणक आणि भारतीय संदर्भ

लिहिलेला मजकूर उच्चारून दाखवणाऱ्या संगणक-प्रणालींनी ही उणीव बऱ्याच अंशी दूर केली. १९८९ मध्ये ‘जॉज’ आणि २००६ मध्ये ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य प्रणाली उपलब्ध झाली. ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकावर स्वर व मात्रा डावीकडे आणि व्यंजने प्रामुख्याने उजवीकडे असल्याने मराठी कळांची रचना तर्काने स्मरणात ठेवता येते. मात्र केवळ ऐकून ऱ्हस्व-दीर्घाची खात्री होतेच असे नाही. त्यासाठी अक्षरशः तपासणीची सवय व ब्रेलचे ज्ञान आवश्यक ठरते. म्हणजेच टंकलेखन हा ब्रेलला पर्याय नसून तिची पूरक बाजू आहे.

समारोप

केंद्र शासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनी दिव्यांग विद्यार्थ्यांना ब्रेल, संगणक, मोठा टंक इत्यादींतून परीक्षेचे माध्यम निवडण्याची, तसेच लेखनिकाची मुभा दिली. परंतु ज्यास कळफलक शिकवलाच गेला नाही, त्याच्यासमोर लेखनिकाशिवाय पर्याय उरत नाही. लेखनिक उपकारक असला, तरी वाक्य खोडणे, पुन्हा जुळवणे आणि विचार कागदावर घडवणे ही प्रक्रिया विद्यार्थ्याच्या हातून निसटते. म्हणून स्पर्श-टंकलेखनाचे शिक्षण परीक्षेच्या तोंडावर न देता प्रवेशाबरोबरच सुरू होणे ही महाविद्यालयांची शैक्षणिक जबाबदारी ठरते. दोनशे वर्षांपूर्वी एका पत्रासाठी झालेल्या प्रयत्नाचा आजच्या वर्गाशी असलेला संबंध तो हाच.