वैशेषिकांचा 'वेग' आणि न्यूटनचे गतिनियम

न्यूटननें सांगितलेले गतीचे तीन नियम कणादांनीं वैशेषिकसूत्रांत फार पूर्वींच सांगून ठेविले होते, असें विधान अलीकडे व्याख्यानांतून, स्मरणिकांतून व शाळकरी मुलांच्या निबंधांतूनहि वारंवार आढळतें. त्याच्या पुष्ट्यर्थ तीन लहान संस्कृत वाक्यें दिलेलीं असतात व खालीं 'वैशेषिकसूत्र' एवढाच निर्देश असतो. अध्याय नाहीं, आह्निक नाहीं, सूत्रांक नाहीं. जुन्या कागदपत्रांचा व्यासंग असणाऱ्यांस एवढें लक्षणच सावध करण्यास पुरेसें आहे. ज्या उताऱ्यास स्थळ नाहीं, त्याचें मूळ प्रथम शोधिलें पाहिजे. तें काम येथें करूं, आणि त्या वाक्यांचा खरा अर्थ काय व तो आजच्या विद्यार्थ्यास कोणत्या उपयोगाचा, याचाहि विचार करूं.

हीं वाक्यें सूत्रपाठांतील नव्हेत. शंकरमिश्रांच्या उपस्कारासह जो पाठ दीर्घकाल प्रचारांत होता, त्यांत तीं नाहींत. मुनि जम्बूविजय यांनीं १९६१ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत चंद्रानंदवृत्तीसह जो अधिक जुना पाठ प्रसिद्ध केला, त्यांतहि नाहींत. तीं प्रशस्तपादांच्या पदार्थधर्मसंग्रहांतील आहेत. प्रशस्तपादांचा काल सामान्यतः इसवी सनाचें सहावें शतक मानितात. म्हणजे सूत्रांहून ते कित्येक शतकें अलीकडचे. शिवाय मूळांत तीं तीन वाक्यें नसून, संस्काराचें निरूपण करणाऱ्या एकाच दीर्घ वाक्याचे ते तुकडे आहेत. त्या वाक्याचा आशय असा : वेग हा मूर्त अशा पांच द्रव्यांत, म्हणजे पृथ्वी, जल, तेज, वायु व मन यांत राहतो, विशिष्ट निमित्ताच्या साहाय्यानें तो कर्मापासून उत्पन्न होतो, ठराविक दिशेनें चालणाऱ्या क्रियापरंपरेस तो कारण होतो, आणि स्पर्शयुक्त द्रव्याशीं विशिष्ट संयोग झाला असतां तो नष्ट होतो.

पहिल्या तुकड्यास न्यूटनचा पहिला नियम, दुसऱ्यास दुसरा व तिसऱ्यास तिसरा असें नांव कोणीतरी दिलें आणि पुढील लेखकांनीं तें उतरून घेतलें. पण न्यूटनचा तिसरा नियम म्हणतो कीं, बाण भिंतीस जितक्या बलानें ढकलतो, तितक्याच बलानें भिंत बाणास उलट दिशेस ढकलते. प्रशस्तपाद म्हणतात तें इतकेंच कीं, बाण भिंतीस लागला म्हणजे त्याचा वेग संपतो. त्यांत दोन बलेंहि नाहींत व त्यांची समताहि नाहीं. दुसऱ्या नियमाचें मर्म परिमाणांत आहे : एकाच बलानें दुप्पट वस्तुमानास निम्मेंच त्वरण मिळतें. प्रशस्तपादांच्या वाक्यांत दिशेचा उल्लेख आहे, परंतु मापाचा नाहीं.

मग कणादांनीं गतीविषयीं कांहींच सांगितलें नाहीं काय ? पुष्कळ सांगितलें आहे. पांचव्या अध्यायाच्या पहिल्या आह्निकांत उखळांतील मुसळ, तें उचलणारा हात व धनुष्यापासून सुटलेला बाण यांचा विचार क्रमानें केला आहे. बाणाचें पहिलें कर्म नोदनापासून, म्हणजे त्यास मिळालेल्या प्रेरणेपासून होतें. त्या कर्मानें बाणांत संस्कार उत्पन्न होतो व पुढचें कर्म त्या संस्कारापासून, त्यापुढचेंहि तसेंच होतें. आणि संस्कार संपल्यावर गुरुत्वामुळें बाण खालीं पडतो. हा संस्कार म्हणजेच वेग. वांकविलेलें धनुष्य पूर्ववत् कां होतें, याचें उत्तर देण्यासाठीं प्रशस्तपादांनीं स्थितिस्थापक नांवाचा निराळा संस्कार मानिला आहे, आणि धनुष्याबरोबरच झाडाची फांदी, शिंग, दांत, सूत व वस्त्र हीं त्याचीं उदाहरणें दिलीं आहेत. हें निरीक्षण पोकळ तर्काचें नव्हे.

तथापि या विचाराच्या मुळाशीं जें गृहीत आहे, तें न्यूटनच्या अगदीं उलट आहे. वैशेषिकांच्या मतें कर्म क्षणिक असून एका कर्मापासून दुसरें कर्म उपजत नाहीं. म्हणून बाणाच्या प्रत्येक क्षणाच्या गतीस त्या क्षणीं विद्यमान असें कारण पाहिजे. प्रत्यंचा तर मागेंच सुटली. तेव्हां तें कारण बाणाच्या ठिकाणींच असलें पाहिजे, या तर्कानें वेग हा गुण सिद्ध झाला. हा वेग सबंध मार्गभर एकच राहतो, कीं क्षणोक्षणीं जुना जाऊन नवा उपजतो, याविषयींहि मतभेद होता. ब्रजेंद्रनाथ सील यांनीं १९१५ सालच्या आपल्या ग्रंथांत वैशेषिकांचा पहिला पक्ष व उद्द्योतकरांचा दुसरा, अशी नोंद केली आहे. न्यूटननें १६८७ सालीं तो प्रश्नच पालटला. सरळ रेषेंतील एकसारख्या गतीस कारणाची अपेक्षाच नाहीं. कारण लागतें तें गति बदलण्यास. यालाच आपण जडत्व म्हणतों. जेथें जडत्व मानिलें, तेथें वैशेषिकांच्या वेगास कांहीं कामच उरत नाहीं.

वेगाचा खरा सोयरा शोधावयाचा तर तो न्यूटनच्या आधीं सांपडतो. सहाव्याच शतकांत आलेक्झांड्रियाच्या जॉन फिलोपोनस यानें असेंच म्हटलें होतें कीं, फेंकणारा फेंकलेल्या वस्तूंत एक प्रेरणा घालून देतो. चौदाव्या शतकांत पॅरिसच्या जाँ बुरिदाँ यानें तें मत अधिक बांधेसूद केलें. कोणीं कोणाचें घेतलें असें येथें सुचवावयाचें नाहीं. एकाच अनुभवावर विचार करणाऱ्या बुद्धिमान् माणसांस निरनिराळ्या देशांत सारखें उत्तर सुचलें, एवढेंच यावरून दिसतें.

आमच्याकडील विचार किती सूक्ष्मतेस पोंचला होता, हें दाखविणारें स्थळ निराळेंच आहे. अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहांत गुरुत्वाचें लक्षण करितांना तें 'आद्य' पतनाचें कारण असें म्हटलें आहे. आद्य कां ? दीपिकेंत स्वतः अन्नंभट्टच उत्तर देतात कीं, दुसऱ्या क्षणापासूनच्या पतनास वेगहि कारण होतो. 'आद्य' हा शब्द गाळला तर गुरुत्वाचें लक्षण वेगासहि लागूं पडेल. प्रशस्तपादांनींहि पहिलें पतन गुरुत्वापासून आणि पुढचीं गुरुत्व व संस्कार या दोहोंपासून, असें सांगितलें आहे. म्हणजे पडणाऱ्या वस्तूच्या ठिकाणीं गुरुत्व कायम असून वेगाची त्यांत भर पडते, हें त्यांस दिसलें होतें. त्वरणाच्या उंबरठ्यापर्यंत ते आले होते. आंत पाऊल पडण्यास मापन पाहिजे होतें, आणि तें झालें नाहीं. गॅलिलिओनें उतरत्या फळीवर गोळ्या सोडून पाण्याच्या घटिकायंत्रानें काल मोजला व अंतर हें कालाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें असें १६३८ सालीं प्रसिद्ध केलें. पडणारा दगड पहिल्या सेकंदाअखेर सुमारें ४.९ मीटर, दुसऱ्याअखेर १९.६ व तिसऱ्याअखेर ४४.१ मीटर खालीं जातो. १, ४, ९ हा तो क्रम.

गुरुत्वाविषयीं दुसरें आधारस्थान म्हणून भास्कराचार्यांचें नांव घेतात. येथें निदान स्थळ खरें आहे. शके १०७२ च्या सिद्धांतशिरोमणींत, गोलाध्यायाच्या भुवनकोशांत, पृथ्वीच्या ठिकाणीं आकर्षणशक्ति असून ती आकाशांतील जड वस्तु आपणाकडे ओढते, असें स्पष्ट म्हटलें आहे. पृथ्वीस आधार कोणाचा, या शंकेचें तें उत्तर आहे : सभोंवार आकाश सारखेंच असतां पृथ्वीनें पडावें तरी कोणीकडे ? चाळीसगांवानजीक पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखावरून, आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ त्यांचा नातू चंगदेव यानें मठ स्थापिल्याचें कळतें. असा प्रत्यक्ष पुरावा ज्यांचा उरला आहे, त्यांची थोरवी सांगण्यास अतिशयोक्ति नको. आकर्षण पृथ्वीचें आहे हें आचार्यांनीं सांगितलें. तें प्रत्येक दोन वस्तूंमध्यें परस्पर असून अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत कमी होतें, हें न्यूटननें सांगितलें. पहिल्या विधानांत दुसरें दडलेलें होतें असें म्हटल्यानें दोहोंचेंहि मोल कमी होतें.

हा घोंटाळा माजण्यास आपली परिभाषाहि कारण झाली. पाश्चात्य पदार्थविज्ञान मराठींत आणतांना भाषांतरकारांनीं वेग, गुरुत्व, स्थितिस्थापकता हे शब्द शास्त्रग्रंथांतूनच उचलले. निवड उत्तम होती. परंतु शब्द तोच राहून अर्थ पालटला. आज वेग म्हणजे एकक कालांत ठराविक दिशेनें झालेलें विस्थापन. प्रशस्तपादांचा वेग म्हणजे गति चालू ठेवणारा गुण. आजचा अर्थ मनांत धरून जुनी पोथी वाचणें म्हणजे बखरींतील 'होन' शब्दाचा अर्थ रुपया करून जमाखर्च मांडण्यासारखें आहे.

आणि नुकसान होतें तें विद्यार्थ्याचें. वर चेंडू फेंकला. हातांतून सुटल्यावर त्यावर कोणतीं बलें आहेत, असें वर्गांत विचारलें तर बहुतेक मुलें सांगतात कीं, हाताचें बल अजून त्यांत आहे व तें संपलें कीं चेंडू खालीं येतो. शाळेंत घालविलेल्या सर्व वर्षांत आम्हांस हेंच उत्तर मिळत आलें. वास्तविक, हवेचा अल्प विरोध सोडला तर चेंडूवर वर जातांना, माथ्यावर व खालीं येतांना पृथ्वीचें आकर्षण हें एकच बल असतें. मुलाचें उत्तर चूक खरें, पण तें प्रशस्तपादांचें व बुरिदाँचें उत्तर आहे. "तूं म्हणतोस तसेंच थोर पंडित म्हणत, तें सोडावें कां लागलें तें पाहूं," असें सांगणाऱ्या शिक्षकापाशीं मुलगा न्यूटनहि शिकतो व कणादहि. दोन्ही मतें एकच, असें सांगितलें कीं त्यास दोघेहि अंतरतात.

संग्राहकांस एक विनंति करून लेख संपवितों. तर्कसंग्रह व दीपिका यांच्या पोथ्या एके काळीं पाठशाळांतून नित्य वापरांत असल्यामुळें, छापील प्रति मिळतात म्हणून त्या सामान्य समजून बाजूस सारल्या जातात. तसें करूं नये. समासांतील टिपणें, विशेषतः गुरुत्वलक्षणांतील 'आद्य' शब्दावरचीं, उतरून ठेवावीं. पुष्पिकेंतील शक व लेखकाचें नांव नोंदवावें. आणि गतिशास्त्राविषयीं कोणीं संस्कृत वचन पुढें केलें, तर त्यास ग्रंथ, प्रकरण व पाठ विचारल्यावांचून तें स्वीकारूं नये.