सर्वशक्तिमान माझेंबे : लुबुंबाशी ते अबूधाबी

आखाती देशांत राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना क्रिकेट शारजात पाहायची सवय. फुटबॉल म्हटलं की मुलांच्या टी-शर्टवर असतं मँचेस्टर नाहीतर बार्सिलोना. पण जागतिक फुटबॉलमधली एक मोठी उलथापालथ डिसेंबर 2010 मध्ये आपल्या अबूधाबीतच घडली, आणि ती घडवणारा संघ होता काँगोमधल्या लुबुंबाशी शहराचा. 'टीपी माझेंबे' हे त्याचं नाव. त्याचा इतिहास वाचला की एका खंडाचं गेलं शतक डोळ्यांसमोरून सरकतं, म्हणून दिवाळी अंकात हा थोडा वेगळा फराळ.

1939 साली काँगो बेल्जियमच्या ताब्यात होता. लुबुंबाशीचं नाव तेव्हा एलिझाबेथव्हिल. तांब्याच्या खाणींवर वसलेलं हे गाव. तिथल्या बेनेडिक्टाइन मिशनऱ्यांनी पोरांसाठी एक संघ काढला आणि त्याला संताचं नाव दिलं, सेंट जॉर्ज. पुढे त्याचा सेंट पॉल झाला. मग 'एंगलबर्ट' या टायर कंपनीचं नाव लागलं. एका मोसमात संघ एकही सामना हरला नाही, तेव्हा त्यापुढे 'तू प्विसां' ही बिरुदावली चिकटली. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ सर्वशक्तिमान. शेवटी टायर गेला, माझेंबे आलं, पण बिरुद राहिलं. टीपी माझेंबेतला 'टीपी' तो हा. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पोशाखातल्या या खेळाडूंना लोक म्हणतात कावळे. आपल्याकडे कावळ्याची आठवण पितृपंधरवड्यापुरती, तिथे मात्र वर्षभर त्याचा जयजयकार!

30 जून 1960 ला काँगो स्वतंत्र झाला आणि दोनच आठवड्यांत खाणींचा कटांगा प्रांत फुटून निघाला. हे बंड जानेवारी 1963 पर्यंत चाललं. इथे आपलाही एक धागा जुळतो. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय जवान होते. 5 डिसेंबर 1961 रोजी याच एलिझाबेथव्हिलमध्ये कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया लढताना धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

एवढ्या रक्तपातातून बाहेर आलेल्या शहराच्या संघाने चारच वर्षांत आफ्रिकेचा चषक उचलला! 1967 ची ती अंतिम लढत म्हणजे अस्सल नाट्य. समोर घानाचा असांटे कोटोको. कुमासीत 1-1, किन्शासात 2-2. निकाल नशिबावर सोपवायचं ठरलं तर कोटोकोने नकार दिला. मग त्रयस्थ ठिकाणी, कॅमेरूनच्या याउंदेत, पुन्हा सामना ठरवला गेला. काँगोचे खेळाडू तिथे हजर, पण कोटोकोला त्यांच्याच देशाच्या संघटनेने निरोप पोहोचवला नाही! न खेळताच चषक मिळाला.

लोक काय म्हणणार ते उघड होतं. त्याला उत्तर मैदानावरच द्यायला हवं होतं. 1968 च्या अंतिम फेरीत टोगोच्या एत्वाल फिलान्तला पहिल्या सामन्यात 5-0 असं धुतलं. परतीचा सामना 4-1 ने हरले, तरी चषक हातचा गेला नाही. 1969 मध्ये इजिप्तच्या इस्माइलीने हरवलं. 1970 च्या अंतिम फेरीत पुन्हा कोटोको. कुमासीत बरोबरी, आणि किन्शासात कोटोकोने 2-1 ने जिंकून जुना हिशोब चुकता केला. ओळीने चार वर्षं अंतिम फेरी! आफ्रिकन फुटबॉलची ही स्पर्धा तेव्हा नुकतीच रांगू लागली होती, आणि तिचं पहिलं दशक या संघाने गाजवलं.

देशाचं नाव झैर झालं, गादीवर मोबुटू. 1974 च्या जर्मनीतल्या विश्वचषकाला झैर गेला तेव्हा माझेंबेचे ब्वांगा, गोलरक्षक काझादी आणि म्वेपू इलुंगा संघात होते. ब्वांगा तर 1973 चा आफ्रिकेतला सर्वोत्तम फुटबॉलपटू. पण मिळायचे ते पैसे मिळाले नाहीत, खेळाडू खचले आणि युगोस्लावियाने 9-0 असा धुव्वा उडवला. पुढच्या, ब्राझीलविरुद्धच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याची फ्री किक बाकी असतानाच म्वेपूने भिंतीतून धावत येऊन चेंडू लाथाडून दिला. जग खो खो हसलं. यांना नियमच ठाऊक नाहीत म्हणाले! कित्येक वर्षांनी म्वेपूने सांगितलं की नियम ठाऊक होते. ब्राझीलकडून तीनापेक्षा जास्त गोल खाल्ले तर घरी परतू नका, अशी मोबुटूच्या माणसांची धमकी होती. सामना 3-0 ने संपला. तो हास्यास्पद वाटणारा क्षण आता पुन्हा पाहिला तर हसू येत नाही.

1980 मध्ये माझेंबेने आफ्रिकेचा कप विनर्स चषक जिंकला, आणि मग खंडीय विजेतेपदांचा जवळजवळ तीस वर्षांचा दुष्काळ. खाणींचा कारभार कोसळला, मोबुटू गेले, युद्धं झाली. 1997 पासून उद्योगपती मोईझ काटुंबी क्लबचे अध्यक्ष झाले आणि पैसा आला. हेच गृहस्थ 2007 ते 2015 कटांगाचे गव्हर्नर होते. क्लब आणि राजकारण यांची गाठ तिथेही आपल्यासारखीच घट्ट!

2009 मध्ये नायजेरियाच्या हार्टलँडला हरवून माझेंबे पुन्हा आफ्रिकेचा विजेता झाला आणि क्लब विश्वचषकासाठी अबूधाबीत आला. दोन्ही सामने हरून सहावा. 2010 मध्ये ट्युनिसच्या एस्पेरान्सला घरच्या मैदानावर 5-0 असं लोळवून पुन्हा अबूधाबी. या खेपेस हुकमी एक्का ट्रेझर म्पुटू नव्हता, पंचावर हात उगारल्याबद्दल त्याच्यावर बंदी होती. तरीही 10 डिसेंबरला मेक्सिकोचा पाचुका 1-0 ने हरला. 14 तारखेला समोर होता दक्षिण अमेरिकेचा विजेता, ब्राझीलचा इंटरनासिओनाल. काबांगु आणि कालुयितुकाने एकेक गोल केला, 2-0! गोलरक्षक किदियाबा गवतावर फतकल मारून, पाय पसरून, बसल्या बसल्या बेडकासारख्या उड्या मारत सुटला. 1974 च्या हसण्याला छत्तीस वर्षांनी मिळालेलं हे उत्तर. युरोप आणि दक्षिण अमेरिकेबाहेरचा संघ या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पहिल्यांदाच पोहोचला होता.

18 डिसेंबरला इटलीच्या इंटर मिलानने 3-0 ने हरवलं. त्यातला एक गोल कॅमेरूनच्या एटूचा, म्हणजे आफ्रिकेच्याच पोराचा.

त्या रात्री लुबुंबाशीत जे झालं ते मात्र आपण परदेशस्थांनी लक्षात ठेवावं. पंच होते जपानचे निशिमुरा. ते चिनी आहेत अशी अफवा उठली आणि जमावाने शहरातल्या चिनी लोकांच्या दुकानांवर हल्ले केले. ज्या दुकानदारांचा त्या सामन्याशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांनी केवळ चेहऱ्यामुळे मार खाल्ला. परक्या मुलुखात चूल मांडणाऱ्याला असा दिवस कधीही दिसू शकतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पुढची वाटही सरळ नव्हती. 2011 मध्ये अपात्र खेळाडू खेळवल्याबद्दल स्पर्धेतून हकालपट्टी झाली. पण 2015 मध्ये टांझानियाच्या सामाट्टाला घेऊन, अल्जीरियाच्या यूएसएम अल्जेला हरवून त्यांनी पाचव्यांदा खंड जिंकला. मग 2016 आणि 2017 असे लागोपाठ दोन कॉन्फेडरेशन चषकही घरी नेले.

गावाचं नाव बदललं, देशाचं दोनदा बदललं, क्लबचं तर संतापासून टायरपर्यंत बदललं. रविवारी मैदानाकडे जाणारी माणसं मात्र तीच राहिली, आजोबांच्या मागे बाप, बापाच्या मागे लेक. परदेशात राहून दरवर्षी हट्टाने दिवाळी अंक काढणाऱ्या मंडळींना ही चिकाटी नक्कीच ओळखीची वाटेल.