डॉक्टर म्हणतात 'दुर्बीण टाकून बघू'. म्हणजे नेमकं काय करतात? आणि त्याआधी काय विचारायचं?

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली, मूल नाही आणि गोळ्याही घेऊन झाल्या, की बहुतेक जोडप्यांना दवाखान्यात एक वाक्य ऐकायला मिळतं : "एकदा दुर्बीण टाकून बघू." भोसरीपासून वाकडपर्यंत 'टेस्ट ट्यूब बेबी सेंटर'च्या पाट्यांचं आता कुणाला नवल वाटत नाही. प्रश्न आहे तो या वाक्यानंतर घ्यायच्या निर्णयाचा.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यातली बरीच कुटुंबं मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून कामासाठी आलेली. आई-सासू जवळ नाही, नवऱ्याची रात्रपाळी, आणि कंत्राटी कामात एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार गेला. त्यामुळे दवाखान्यात बऱ्याचदा ती एकटीच जाते. मग तपासण्याही तिच्याच सुरू होतात.

आधी त्याची तपासणी

जोडप्याला मूल न होण्यामागे पुरुषाकडचं कारण, पूर्ण किंवा अंशतः, जवळपास निम्म्या वेळा असतं. वीर्य तपासणीला ना सुई लागते ना भूल. २ ते ७ दिवस संबंध टाळून नमुना द्यायचा, इतकंच. भट्टी, फोर्जिंग किंवा वेल्डिंगच्या उष्णतेत रोजचं काम असेल तर शुक्राणूंवर परिणाम होऊ शकतो, तेव्हा नवऱ्याचं काम काय आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. हा अहवाल हातात नसताना बायकोला भूल देऊन टेबलावर घेण्याची घाई करू नये. तरीही अशी घाई होते, आणि त्यामागे वैद्यकीय कारणापेक्षा घरातला संकोच जास्त असतो.

तपासण्या कधी सुरू करायच्या याचाही ठोकताळा आहे. कोणतंही साधन न वापरता वर्षभर प्रयत्न करून गर्भ राहिला नाही तर, आणि बाईचं वय ३५ च्या पुढे असेल तर ६ महिन्यांतच.

दुर्बीण एक नाही, दोन

दोन्हींना 'दुर्बीण' म्हणतात, पण त्या बघतात वेगवेगळ्या जागा.

पहिली हिस्टेरोस्कोपी. साधारण ३ ते ५ मिलिमीटर जाडीची नळी योनीमार्गातून थेट गर्भपिशवीत जाते. पोटावर कुठेही छेद नाही. सलाईनने पिशवी फुगवून आतून पाहतात : पॉलिप आहे का, मधे पडदा आहे का, आत वाढणारी फायब्रॉइडची गाठ आहे का, पूर्वीच्या क्युरेटिंगमुळे पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटल्या आहेत का. यातलं बरंच काही त्याच वेळी कापून काढता येतं. नुसतं बघायचं असेल तर कधी कधी भूलही लागत नाही.

दुसरी लॅप्रोस्कोपी. हिला पूर्ण भूल लागते. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून बेंबीजवळ छोटं छिद्र पाडतात, त्यातून कॅमेरा जातो. अवजारांसाठी आणखी दोन-तीन छिद्रं, साधारण अर्ध्या सेंटिमीटरची. पिशवी, नळ्या आणि बीजांडकोश बाहेरून दिसतात. मग खालून निळा रंग सोडतात. नळीच्या टोकातून निळं पाणी पोटात पडलं की नळी उघडी. एंडोमेट्रिऑसिसचे डाग, चिकटलेली आतडी, चॉकलेट सिस्ट हे सगळं इथे दिसतं आणि सोडवताही येतं.

पण फक्त नळ्या उघड्या आहेत का एवढंच बघायचं असेल, तर त्यासाठी आधी एचएसजी आहे. पाळी थांबल्यावर रंगद्रव्य सोडून काढलेला एक्स-रे. दुखतं, पण भूल नाही आणि अॅडमिट होणंही नाही. पाळीत असह्य दुखणं, पूर्वी नळीत राहिलेला गर्भ, पोटातला जुना संसर्ग किंवा बिघडलेला एचएसजी, अशी काही खूण असेल तेव्हा लॅप्रोस्कोपीला खरा अर्थ येतो.

हिस्टेरोस्कोपीचंही तसंच. २०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन मोठे अभ्यास आले. सोनोग्राफीत पिशवी नॉर्मल असलेल्या बायकांमध्ये आयव्हीएफच्या आधी सरसकट हिस्टेरोस्कोपी केल्याने बाळं जन्मण्याचं प्रमाण वाढलं नाही. म्हणून विचारावं : "माझ्या बाबतीत नेमकं काय शोधायचं आहे?"

पिंपरीतला जुना शत्रू

भारतात नळ्या बंद होण्याचं एक मोठं कारण क्षयरोग आहे. फुप्फुसांचा नव्हे, जननेंद्रियांचा. ना खोकला ना ताप. अनेकींना तो कळतो तो मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच. पिंपरीला या रोगाशी लढण्याचा इतिहास आहे. १९५४ मध्ये इथे सुरू झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने पेनिसिलिननंतर क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिनही बनवलं.

हिस्टेरोस्कोपीच्या वेळी पिशवीच्या अस्तराचा तुकडा घेऊन टीबीसाठी पाठवतात. एक सावधगिरी : केवळ पीसीआर पॉझिटिव्ह आला म्हणून लगेच औषधं सुरू करण्याबद्दल तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. कल्चर, पेशींची तपासणी आणि दुर्बिणीत दिसलेलं चित्र एकत्र पाहावं लागतं. निदान पक्कं झालं तर सरकारी केंद्रात औषधं मोफत मिळतात, कोर्स साधारण ६ महिन्यांचा. रोग बरा होतो, पण खराब झालेली नळी बहुतेकदा पूर्ववत होत नाही. पाण्याने फुगलेली नळी तर आयव्हीएफच्या आधी काढून किंवा बांधून टाकली तर यशाची शक्यता वाढते.

कुठपर्यंत पोहोचलं आहे हे तंत्र?

जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राऊन हिचा जन्म १९७८ चा. तिच्या आईचं बीज लॅप्रोस्कोपनेच काढलं होतं. आज तेच काम सोनोग्राफीच्या साहाय्याने सुईने होतं. मे २०१७ मध्ये पुण्याच्या गॅलक्सी केअर हॉस्पिटलमध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने भारतातलं पहिलं गर्भाशय प्रत्यारोपण केलं. सोलापूरच्या तरुणीला तिच्या आईचं गर्भाशय मिळालं आणि ते दुर्बिणीच्या मदतीने काढलं होतं. पाठोपाठ प्रत्यारोपण झालेल्या गुजरातच्या महिलेला ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथेच मुलगी झाली.

धोका आणि पैसे

छिद्र लहान असलं तरी ऑपरेशन ते ऑपरेशनच. लॅप्रोस्कोपीत आतडं किंवा रक्तवाहिनीला इजा होण्यासारखी गंभीर गुंतागुंत हजारात साधारण दोघींना होते. चॉकलेट सिस्ट काढताना बीजांडकोशातला चांगला भागही जाऊ शकतो आणि बीजसाठा कमी होतो. म्हणून त्याआधी एएमएच तपासलेलं बरं.

कंपनीचा मेडिक्लेम आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बऱ्याच पॉलिसींमध्ये वंध्यत्वाचे उपचार वगळलेले असतात. फायब्रॉइड किंवा एंडोमेट्रिऑसिससाठीचं ऑपरेशन मात्र वेगळ्या नियमात बसू शकतं. कारण जे आहे तेच कागदावर हवं. पण पूर्वमंजुरी अॅडमिट होण्याआधी एचआर आणि टीपीएकडून लेखी घ्यावी. ईएसआयचं कार्ड असेल तर आधी ईएसआयच्या दवाखान्यात, नसेल तर पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात चौकशी करता येते.

ऑपरेशननंतर एक-दोन दिवस खांदा दुखतो. तो पोटात भरलेल्या गॅसमुळे. ताप, वाढत जाणारी पोटदुखी किंवा उलट्या असतील तर त्याच दिवशी परत जावं. आणि घरी निघताना ऑपरेशनची नोंद, फोटो किंवा व्हिडिओची प्रत मागून घ्यावी. पुढे डॉक्टर बदलले तरी त्याच तपासणीसाठी पुन्हा भूल घ्यायची वेळ येत नाही.