सोन्याची तोफ

मलई कोफ्ता आपल्याला माहीत असतो, कोफ्तगिरी मात्र फारशी कुणाला माहीत नसते. दोन्ही शब्दांचं मूळ एकच, फारसीतलं, आणि अर्थ कुटणं, ठोकणं. खिमा कुटून केलेला तो कोफ्ता आणि लोखंडावर सोन्याची तार ठोकून काढलेली नक्षी ती कोफ्तगिरी. तलवारीच्या मुठीवर, ढालीवर आणि बंदुकीच्या नळीवर हे काम चाले.

रीत साधी, पण हात बसायला आयुष्य जावं अशी. लोखंड आधी बारीक छिन्नीने आडवंउभं चरे पाडून खरखरीत करायचं. त्यावर केसासारखी बारीक सोन्याची तार नक्षीप्रमाणे ठेवत हलक्या हाताने ठोकत जायचं. चऱ्यांच्या कंगोऱ्यांत तार घट्ट बसते. मग गुळगुळीत दगडाने घोटून चकाकी आणायची. सोनं थोडं, मेहनत फार. शिवाय नळीच्या ताकदीला कुठे धक्का लागत नाही.

शस्त्रावर सोनं का चढवायचं, हा प्रश्न मला नेहमी पडतो. मारायचंच आहे तर साधं लोखंड पुरे की! पण आपणही खंडेनवमीला शस्त्रांना झेंडूच्या माळा घालतोच. ज्याच्यावर जीव अवलंबून, ते सजवावंसं वाटतं. तेव्हा सजावटीला माझी हरकत नाही. मी पाहते ते एवढंच, की सोन्याखालचं शस्त्र कामाचं आहे ना?

अकबराची लाडकी बंदूक होती 'संग्राम'. १५६८ साली चितोडच्या वेढ्यात तटावरच्या जयमल राठोडला त्याने हिनेच टिपलं, असं अबुल फजल लिहितो. हिने १०१९ जनावरं मारल्याची नोंद 'आईन-इ-अकबरी'त आहे. शाही बंदुकीवर तिचं वजन, लोखंड कुठलं, कारागीर कोण, ती कुठे आणि केव्हा घडली, हे कोरलं जाई. बंदुकीच्या नळीवर कारागिराचं नाव असणं, याहून मोठा दागिना कोणता?

टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणच्या कारखान्यांतही असंच होतं. तिथल्या चकमकीच्या बंदुकांवर सोन्याचांदीचं काम आहे, आणि वाघ तर जागोजागी. कुठे वाघाचे पट्टे, कुठे चापालाच वाघाचा आकार. तरीही त्या चालणाऱ्या बंदुका होत्या. ४ मे १७९९ ला टिपू लढता लढता पडला आणि त्याच्या सुंदर सुंदर बंदुका लूट म्हणून विलायतेला गेल्या. सिंहासनाचं मात्र वेगळं झालं. त्यावरचा सोन्याचा पत्रा जाड होता, म्हणून ते फोडून वाटून टाकलं. बंदुकीवरचं सोनं तारेएवढं, ते खरवडून कुणाचं पोट भरणार? म्हणून बंदुका वाचल्या.

आता आपल्या मराठी बडोद्याकडे येऊ. १८०५ च्या तैनाती फौजेच्या तहानंतर गायकवाडांना इंग्रजांच्या परवानगीशिवाय लढाई करता येत नव्हती. तोफखाना उरला तो सलामीपुरता. आणि नेमकं तेव्हाच सोनं वाढलं! खंडेराव महाराजांनी चांदीच्या तोफा ओतवल्या असं सांगतात. त्यांचे धाकटे बंधू मल्हारराव १८७० साली गादीवर आले आणि १८७४ मध्ये त्यांनी सोन्याच्या दोन तोफा करवल्या. प्रत्येकीचं वजन २८० पौंड, म्हणजे सुमारे १२७ किलो. आतली नळी तेवढी पोलादाची, कारण सोनं मऊ, ते बाराचा धक्का सोसणार नाही. ओढायला पांढरेशुभ्र बैल.

ते वर्ष लक्षात घ्या. राज्यातल्या गाऱ्हाण्यांची चौकशी करायला इंग्रजांनी १८७३ मध्ये आयोग नेमला होता. सारा भरता भरता मोडलेले शेतकरी त्याच्यापुढे आले होते. आणि १८७४ साली बडोद्याचे दिवाण कोण होते? दादाभाई नौरोजी! हिंदुस्थानची संपत्ती विलायतेला कशी वाहून जाते, याचा हिशेब पुढे ज्यांनी जगापुढे मांडला, ते. त्यांच्या डोळ्यांदेखत रयतेचा पैसा तोफांच्या रूपाने ओतला गेला. जानेवारी १८७५ मध्ये त्यांनी दिवाणगिरी सोडली. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावरच्या विषप्रयोगाचा खटला झाला आणि एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत करून मद्रासला नेलं. सोन्याच्या तोफांनी त्यांच्या बाजूने एक गोळा उडवला नाही. उडवायचा तरी कुणावर?

१८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने सामान्य हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं बंद झालं. सियालकोटजवळच्या कोटली लोहारांचे कोफ्तगार तर १८४९ मध्ये पंजाब खालसा झाल्यापासूनच साहेबांसाठी तबकं आणि पेट्या मढवू लागले होते. हात तेच, तार तीच, खालची वस्तू बदलली.

मल्हाररावांनंतर कवळाण्याचा एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक येऊन सयाजीराव झाला. १९०६ साली त्यांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. तोफा त्यांच्याही काळात सलामी देत होत्या. पण बडोद्याचं नाव काढलं की आम्हा शिक्षकांना आधी शाळाच आठवतात.

तेव्हा वाचकहो, संग्रहालयात अशी सोनेरी बंदूक दिसली तर नक्षीवर खूश व्हा, जरूर व्हा. पण कुठे कारागिराचं नाव कोरलं आहे का, तेही पाहा. आणि ती कोणत्या साली, कुणाच्या पैशातून घडली, एवढं विचारल्याशिवाय पुढच्या कपाटाकडे जाऊ नका.