रजेरजेत उभं राहिलेलं घर

कोकणातलं एखादं जुनं घर जरा निरखून पाहा. जोतं घडीव चिऱ्यांचं, मधल्या भिंती मातीच्या, पुढची पडवी अलीकडच्या चिऱ्यांची आणि मागचं न्हाणीघर सिमेंटचं. एकाच घरात इतकी सरमिसळ कशी? याचं उत्तर मुंबईच्या गिरणगावात मिळतं. ही घरं एका दमात बांधलेलीच नाहीत. ती चाकरमान्यांच्या रजेरजेत उभी राहिली.

कावसजी दावर यांची कापडगिरणी १८५६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि पुढे गिरण्या वाढत गेल्या, तसा कोकणातून येणाऱ्यांचा ओघही वाढला. १९२१ च्या जनगणनेच्या वेळी मुंबईतल्या साधारण दर पाच माणसांपैकी एक जण रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. आजचा सिंधुदुर्गही तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. चाळीतल्या एका खोलीत अनेकांनी पाळीपाळीनं झोपायचं, जेवायचं खानावळीत. बायकोमुलं, म्हातारे आईवडील गावी. अशा माणसानं घर बांधायचं, ते गावातच.

पण पगारातून हाती उरणार किती? टपाल खात्यानं १८८० मध्ये मनिऑर्डर सुरू केली. गावी जाणाऱ्या त्या पैशांतून आधी तांदूळ, मग सावकाराचं देणं, आणि उरलंच तर घर. इथं कोकणचा जांभा दगड मदतीला आला. खाणीतून काढताना तो मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होतो. यंदा घेतलेले चिरे दोन पावसाळे अंगणात राहिले, तरी बिघडत नसत. मंगळुरी कौलांचंही तसंच. बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला, पुढे ही कौलं समुद्रमार्गे कोकणातही आली. ती नगावर घेता येत, जमतील तशी साठवता येत.

मातीच्या भिंतीला मात्र थांबणं परवडत नसे. उघडी राहिली, तर पहिल्याच पावसात विरघळायची. म्हणून मे महिन्याच्या रजेत हात घातला, की मिरगाच्या आत वर छप्पर चढलंच पाहिजे. जेवढं शाकारता येईल, तेवढंच त्या वर्षी बांधायचं. गणपतीला आलेला चाकरमानी भर पावसात बांधणार काय? तो गळती कुठं आहे ते पाही आणि पुढच्या मे महिन्याचा बेत ठरवी.

तो परत गेला, की काम बघायची घरातली बाई. गवंड्याची न्याहारी, मजुरीचा हिशेब, जमीन चोपणं, सारवणं सगळं तिच्याकडे. कागदोपत्री घर बहुधा पुरुषांच्या नावे राहिलं. तिच्या कष्टांची नोंद सातबारावर नाही.

१९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या कामगारविषयक शाही आयोगानं कामगाराचा गावाशी असलेला संबंध तोडू नये, तो त्याला उपकारकच आहे, असं मत नोंदवलं होतं. त्याची कसोटी पन्नास वर्षांनी लागली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. महिने लोटले, पगार थांबले, आणि कित्येक कुटुंबांनी गावची वाट धरली. तिथं ना भाडं होतं, ना घरमालक. थोडा थोडा पैसा घालून उभ्या केलेल्या त्या भिंतींनी त्यांना आसरा दिला. ज्यांचं गावी घरच नव्हतं, त्यांचे हाल वेगळे सांगायला नकोत.

१९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, प्रवास सोपा झाला. तरीही यातली पुष्कळ घरं आज गणपतीपुरती उघडतात. काही पाडून त्या जागी स्लॅबची घरं येत आहेत. गळकं घर जपाच, असा आग्रह कोणी धरू नये. फक्त पाडण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना, विशेषतः आजीला विचारा, की कोणती भिंत कोणत्या रजेतली, कौलं कोणत्या बोनसची. ते एका वहीत लिहून ठेवा. गिरणी कामगाराच्या जमाखर्चाचा इतका खरा दाखला दुसरीकडे क्वचितच मिळेल.