धार्मिक चार्टर शाळा

धर्मशिक्षण देणारी शाळा सरकारी चार्टर शाळा म्हणून करदात्यांच्या पैशावर चालू शकते का, हा अमेरिकेतील वादग्रस्त सांविधानिक प्रश्न. चार्टर शाळा खाजगी संस्था चालवते; परंतु ती सरकारने दिलेल्या सनदेवर उभी असते, तिला शुल्क घेता येत नाही आणि तिचा खर्च सरकार उचलते. यासंबंधीचा पहिला कायदा मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये केला.

संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीत दोन कलमे शेजारी आहेत. एक सरकारला धर्मस्थापनेची मनाई करते, दुसरे धर्माचरणाचे स्वातंत्र्य राखते. १९४७ च्या एव्हर्सन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चर्च आणि राज्य यांच्यामधल्या भिंतीचा दाखला दिला, आणि त्याच निकालात कॅथलिक शाळांत जाणाऱ्या मुलांच्या बसभाड्याची भरपाई वैध ठरवली. २००२ मध्ये क्लीव्हलँडच्या शिक्षण-व्हाउचरना मान्यता मिळाली, कारण पैसा कोणत्या शाळेत न्यायचा हे पालक ठरवत होते. पुढे मोंटाना (२०२०) आणि मेन (२०२२) या राज्यांच्या खटल्यांत न्यायालय आणखी पुढे गेले : खाजगी शाळांसाठी मदत ठेवली, तर केवळ धार्मिक म्हणून एखादी शाळा वगळता येणार नाही.

याच निकालांच्या आधारावर ओक्लाहोमातील कॅथलिक धर्मप्रांतांनी संत इसिडोर यांच्या नावाने ऑनलाइन शाळेचा प्रस्ताव मांडला. राज्याच्या मंडळाने जून २०२३ मध्ये तो तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर केला. त्याविरुद्ध न्यायालयात गेले ते राज्याचेच महाधिवक्ता, रिपब्लिकन पक्षाचे जेंटनर ड्रमंड. त्याच पक्षाचे राज्यपाल केव्हिन स्टिट शाळेच्या बाजूने होते. जून २०२४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचा शाळेशी झालेला करार बेकायदा ठरवला.

वादाचा गाभा एकच : चार्टर शाळा सरकारी की खाजगी? ती खाजगी असेल, तर तिला नाकारणे हा धर्माच्या कारणावरून भेदभाव ठरतो. ती सरकारी असेल, तर श्रद्धा शिकवणारे सरकारच ठरते. व्हाउचरमध्ये पालक आधीपासून असलेली शाळा निवडतात. येथे शाळेचे अस्तित्वच सरकारी सनदेतून येते. हा फरक निर्णायक मानणाऱ्यांची बाजू अधिक भक्कम वाटते.

२२ मे २०२५ रोजी अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय चार विरुद्ध चार असे विभागले. न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट सुनावणीपासून दूर राहिल्या होत्या. त्यामुळे ओक्लाहोमाचा निकाल कायम राहिला, पण देशभर बंधनकारक पायंडा पडला नाही. चार्टर शाळा धर्मनिरपेक्ष असाव्यात ही अट संघराज्याच्या अनुदान-कायद्यातही आहे. पुढील एखाद्या खटल्यात न्यायालयाने या शाळा खाजगी ठरवल्या, तर त्या अटीलाही आव्हान मिळू शकते.