युद्धक्रीडेच्या पटावरील नदी

बुद्धिबळाच्या पटावर नदी नसते, ही गोष्ट इतकी परिचित आहे कीं, ती कां नसते असा प्रश्न सहसा कोणी करीत नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणांत रथ, अश्व, गज व पत्ति यांस अनुकूल अशा भूमींचा विचार केला आहे, आणि नदी उतरण्याच्या साधनांत हत्तींचीही गणना केली आहे. परंतु ज्या खेळानें या चार अंगांवरून चतुरंग हें नांव घेतलें, त्याच्या पटावर भूमि सर्वत्र सारखीच. चिनी बुद्धिबळांत मात्र पटाच्या मध्यें नदी म्हणून एक पट्टा असतो, आणि गंमत अशी कीं, तो ओलांडण्यास नेमकी हत्तीलाच मनाई आहे! तथापि त्या नदीस वळण नाहीं, बेट नाहीं, संगम नाहीं.

वळणाची नदी पटावर आणण्याचा उद्योग जर्मनींत झाला. ब्रन्स्विक येथील योहान हेलविग यानें १७८० सालीं बुद्धिबळावरून एक युद्धक्रीडा रचली. तिच्या पटावर ३३ गुणिले ४९, म्हणजे १६१७ घरें असून निरनिराळ्या रंगांनीं भूमीचे प्रकार दाखविले होते; पाण्यास निळा रंग होता. कल्पना उत्तम; पण घर एक तर पाण्याचें, नाहीं तर जमिनीचें. त्यामुळें तिरकी वाहणारी नदी पटावर जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसणार, हें उघड आहे.

पुढचें पाऊल प्रशियाच्या बॅरन फोन राइस्वित्झ यानें टाकलें. १८११ सालीं त्याचा खेळ ओल्या वाळूवर मांडला जात असे. राजपुत्रांनीं तो पाहिला व त्याची वार्ता राजा तिसरा फ्रीड्रिख विल्हेल्म याच्या कानीं गेली. राजापुढें वाळूची पेटी नेणें बॅरनला प्रशस्त वाटेना. त्यानें खटपट करून १८१२ मध्यें खणांचें एक मोठें मेज राजास अर्पण केलें. त्यावर मांडावयाचे तीन-चार इंच चौरसाचे प्लॅस्टरचे तुकडे रंगवून त्यांत टेकड्या, रस्ते, गांवें व नद्या दाखविल्या होत्या. तुकडे हवे तसे जुळवून नवी भूमि करतां येई.

हें जुळविणें किती अवघड, हें कळावें म्हणून आम्हीं स्वतः चार इंच चौरसाचे सोळा तुकडे प्लॅस्टरमध्यें ओतून पाहिले. पहिली अडचण खोलीची. नदी जमिनीच्या खालीं असावयाची, म्हणून पात्र कोरण्यास तुकडा जाड हवा. पातळ केलेले आमचे तीन तुकडे पात्राच्या रेषेवरच दुभंगले. दुसरी अडचण याहून बिकट. कोणताही तुकडा कोणत्याही तुकड्याशीं जुळावयाचा, तर नदीनें प्रत्येक कडेस ठराविक बिंदूवरच, ठराविक रुंदीनें पोंचलें पाहिजे. आम्हीं तो बिंदू कडेच्या मध्यावर धरिला. मग आमच्या गांवच्या नदीचें वळण मांडूं गेलों, तों हातीं आलें तें कालव्याचें चित्र! काटकोनी वळणें, एकसारखी रुंदी, आणि उन्हाळ्यांत वाळूच्या पट्ट्यांतून सरकणारा प्रवाह मुळींच नाहीं. नदी हुबेहूब करावी, तर तुकडा एकाच जागेचा होतो. तुकडा सर्वत्र चालावा, तर नदी कोठलीच राहत नाहीं.

प्रमाणाचाही हिशेब पाहावा. या खेळाचें प्रमाण १:२३७३ होतें. मेज सुमारें सहा फुटांचें धरिलें, तर त्यावर जेमतेम सवाचार किलोमीटर भूमि मावते. एका उताराचें रक्षण चालू असतां शत्रु दूरच्या दुसऱ्या उतारानें पार झाला, हें नदीवरील युद्धाचें मर्म तेथें दाखवावयाचें कसें? बॅरनचा पुत्र तोफखान्यांत अधिकारी होता. त्यानें १८२४ मध्यें १:८००० प्रमाणाचे कागदी नकाशे घेतले. तेवढ्याच मेजावर साडेचौदा किलोमीटरांचा प्रदेश आला, आणि नदी जशी मोजली तशी वाहूं लागली. सेनापति म्युफ्लिंग यानें तो प्रयोग पाहून हा खेळ नव्हे, युद्धाचें शिक्षण आहे, असा अभिप्राय दिला व सैन्यास त्याची शिफारस केली. हा पुत्र १८२७ सालीं आत्मघात करून मरण पावला.

पित्याचें मेज बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग राजवाड्यांत जतन झालें आहे. सुंदर वस्तु टिकते आणि वापरांतला कागद झिजतो, हें पोथ्या व दप्तरें गोळा करणाऱ्यांस आम्हीं सांगावयास नको. पण त्या मेजास युद्धक्रीडेची परिपूर्ण अवस्था मानण्याची जी प्रवृत्ति दिसते, ती आम्हांस मान्य नाहीं. तो मधला टप्पा होय, आणि त्याची मर्यादा नदीनें उघड केली. ज्यांस तें पाहण्याचा योग येईल, त्यांनीं टेकड्या व गांवें मागाहून पाहावीं; आधीं नदीचे सांधे कोठें पडले आहेत, तें पाहावें.